खाचेतली पांढरी पूड

माणूस चाकू विकत घेतो, मखमलीवर ठेवतो, सात बाजूंनी त्याचे फोटो काढतो आणि त्या चाकूने जन्मात एक कांदा चिरत नाही. वर त्याच चाकूवरून दुसऱ्या माणसाची आई-बहीण काढतो. असे चारशे पुरुष मोबाइलवरच्या एका गटात रोज जमतात. घडी करून खिशात ठेवायचे जुने चाकू ते एकमेकांना विकतात, पार्सलने पाठवतात आणि पार्सल फोडल्याबरोबर भांडायला लागतात. त्यांची भांडणं मी दोन वर्षं रोज दुपारी चार ते सहा मोठ्याने वाचली. मला त्या माणसांची किळस आली होती आणि ती अजून गेलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते कशाच्या भरात केलं हे कळेल. समर्थन म्हणून नव्हे.

मी वाचायची ती भाऊजींसाठी. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कागद कापायच्या कारखान्यात धारेच्या खोलीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. तिथली पाती हातभर लांब. कागदाच्या थप्पीचा काठ जरासा जरी फाटला तरी पातं यांच्याकडे परत यायचं. भाऊजी धारेवरून अंगठा आडवा फिरवायचे आणि पातं कुठे बोथट झालंय, कशाने झालंय, मशीनवाल्याने घाई केली की कागदातच खडा होता, सगळं सांगायचे. मशीनवाले त्यांना टरकून असत. बोलणं मात्र मोजकं. ताई म्हणते, "चाळीस वर्षांचा संसार झाला, पण यांची सगळी वाक्यं लिहून काढली तर शाळेची एक वही पुरेल, आणि तीही दोनशे पानी नको."

निवृत्त झाल्यावर करायचं काय, म्हणून त्यांनी एक जुना चाकू घेतला, मग दुसरा, आणि असं करत करत ते त्या गटात शिरले. तिथे एकदा कुणीतरी 'धार मूळची आहे, धारेचा दगड लागलेला नाही' म्हणून चाकू विकला. घेणारा म्हणाला, लागलाय. दोघांनी एकमेकांचे बाप उद्धरले. शेवटी भाऊजींनी लिहिलं की चाकू माझ्याकडे पाठवा, मी बघतो. त्यांनी बघितला आणि कळवलं, दगड लागलाय, पण फार पूर्वी, आणि लावणारा डावखुरा होता. विकणाऱ्याने मान्य केलं की त्याचे आजोबा डावखुरे होते. त्या दिवसापासून भाऊजी गटाचे पंच झाले. भांडण पेटलं की चाकू पंचांकडे जायचा आणि पंचांचा शब्द शेवटचा. त्याबद्दल त्यांनी कधी कुणाकडून दमडी घेतली नाही. चाकू परत पाठवताना मात्र आपल्याच पद्धतीने बांधायचे, रद्दीच्या चार घड्या आणि वर सुतळी. चिकटपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

मग त्यांची नजर गेली. एकदम नाही. आधी मधोमध धुकं आलं आणि मग ते वाढत गेलं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. समोर बसलेल्या ताईचे कान दिसतात, तोंड दिसत नाही, असं त्यांनी एकदा सांगितलं. ताई म्हणाली, "बरंय की, तोंडच जास्त चालतं माझं." घरातली आम्ही तिघं सोडून ही गोष्ट कुणालाही ठाऊक नव्हती, आणि गटात तर ती कळता कामा नये असा भाऊजींचा हट्ट होता. फोटोवरून ते काही बोलेनासे झाले. 'वस्तू हातात आल्याशिवाय सांगणार नाही' असं ते कळवायचे आणि लोक म्हणायचे, पंच आता किती काटेकोर झालेत बघा. खरं तर त्यांना डोळ्यांची फारशी गरजही नव्हती. अंगठा, नख आणि नाक एवढ्यावर ते सगळं ओळखायचे. अडायचं ते फक्त वाचण्या-लिहिण्यापाशी, आणि तिथे मी होते.

मी लग्न केलं नाही आणि बहिणीकडेच राहते. वकिलाच्या कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखन केलं. समोरचा सांगेल ते, सांगेल तसं टाइप करायचं. कित्येकदा सांगणारा धडधडीत खोटं सांगतोय हे मला कळायचं, तरी माझ्या हातून त्याचं एक अक्षर बदललं नाही. याचा मला अभिमान होता, म्हणून सांगते. भाऊजींनीही माझ्यावर याच भरवशावर काम टाकलं. ताईकडे नाही टाकलं, कारण गटाचं नाव काढलं की ती भांडी आपटायची.

आता त्या मंडळींविषयी. एकाचं म्हणणं, चाकू पेटीसकट विकला आणि पेटी दुसऱ्याच चाकूची निघाली. एकाला मुठीला माशाचा वास आला. एकाने महिनाभर वापरून परत पाठवला आणि 'आत्ताच फोडलं पार्सल' म्हणाला. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढायचा असा गटाचा नियम होता, तेव्हा हे लोक बनियनमध्ये बसून व्हिडिओ काढायचे. अर्ध्या व्हिडिओभर पोटच. आणि भाषा! एकाने दुसऱ्याच्या आजारी बायकोवरून लिहिलं, मी वाचू शकले नाही, तेवढं गाळून पुढे गेले. भाऊजी म्हणाले, "मध्ये काहीतरी सोडलंस."

"शिवी होती, भाऊजी."

"शिव्या सोडत जाऊ नकोस. शिवी कुठे आली त्यावरून कळतं माणूस कुठे अडलाय ते."

मी म्हटलं, बरं. पण गाळत राहिले. इतकं घाणेरडं आपल्या तोंडाने का वाचावं? फक्त आवाज आधीच जरा वर चढवायचा आणि पुढच्या ओळीवर उडी मारायची, म्हणजे त्यांना कळत नसे, किंवा कळत असेल तरी ते काही बोलत नसत.

या सगळ्यात गटात एक गृहस्थ वारले. शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यांचे एकतीस चाकू मागे राहिले. त्यांची बायको, तिला मी मास्तरीणबाई म्हणते, ते विकायला गटात आली. लेकीच्या गावात तिने एक खोली बघून ठेवली होती. चाकू गेले की खोली घ्यायची आणि लेकीजवळ जाऊन राहायचं, एवढाच तिचा हिशेब. पहिला चाकू तिने टाकला आणि खाली लिहिलं, 'जसा होता तसा, हात न लावलेला'. ही ओळ त्या गटात जो तो लिहितो. तिने नवऱ्याच्या जुन्या जाहिरातीतून उतरवून घेतली होती.

घेणारा होता दातांचा डॉक्टर. गटातला सगळ्यात श्रीमंत आणि माझ्या मते सगळ्यात ओंगळ माणूस. पार्सल फोडून त्याने लगेच लिहिलं की चाकू घासलेला आहे. इथे थोडं सांगायला हवं. जुन्या साध्या पोलादाच्या पात्यावर वर्षानुवर्षांच्या हाताळणीने काळसर निळी झाक चढते. तुम्हा-आम्हाला तो मळ वाटेल. या लोकांना तीच झाक हवी असते, तिच्यावरच सगळी किंमत. ती घासून काढली की चाकू चकचकीत दिसतो आणि त्यांच्या लेखी निम्म्याहून जास्त मरतो.

डॉक्टर एवढं लिहून थांबला असता तर गोष्ट वेगळी होती. त्याने पुढे लिहिलं, 'बाई, मेलेल्या नवऱ्याच्या नावावर दुकान थाटू नका.' त्याखाली चाळीस-पन्नास जणांनी हसरे चेहरे टाकले. यातले निम्मे लोक वर्षानुवर्षं मास्तरांना 'गुरुजी, गुरुजी' करत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे मात्र मी भाऊजींना एकही शब्द न गाळता वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चाकू मागव."

चाकू यायच्या आदल्या दिवशी मास्तरीणबाईंचा फोन आला. भाऊजी आंघोळीला गेले होते, म्हणून मी घेतला. तिला वाटलं मी पंचांची कारकून आहे. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "ताई, एक विचारू का? ते घासलं म्हणतात, ते वाईट असतं का? मी सगळेच घासले हो. एकतीसच्या एकतीस. तीन दिवस लागले मला. यांची वस्तू दुसऱ्याच्या घरी जाणार, ती घाणेरडी कशी पाठवायची?"

मी म्हटलं, "पंच बघतील." फोन ठेवला आणि हे भाऊजींना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पार्सल आलं. भाऊजी खिडकीजवळच्या मेजाशी बसले. पातं उघडून त्यांनी आधी वास घेतला. मग उघडण्यासाठी पात्याला जी नखाची खाच असते, तिच्यात करंगळीचं नख घालून ओढलं आणि ते नख माझ्यासमोर धरलं. "काय आहे?"

"पांढरी पूड."

"भांडी घासायची." मग पात्याच्या बुंध्याशी कारखान्याचा शिक्का असतो, त्यावरून ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. "अक्षरांच्या कडा गेल्यात. जोर लावून घासलाय. बाईमाणसाचा हात आहे, कामाची सवय असलेला." मग म्हणाले, "लिही."

आणि त्यांनी सांगितलं: चाकू घासलेला आहे. पूड खाचेत आहे आणि शिक्का बोथट झाला आहे. बाईंना घासण्याचा अर्थ ठाऊक नव्हता, फसवण्याचा हेतू दिसत नाही. चाकू त्यांना परत जाईल, पैसे डॉक्टरांना परत. उरलेले तीस 'घासलेले' असं स्पष्ट लिहून विकावेत, एकेक मी स्वतः तपासून देईन.

भाऊजींच्या मानाने हे भाषणच झालं. मी मोबाइल हातात घेतला. 'घासलेले' म्हणजे निम्म्याहून कमी पैसे, म्हणजे खोली गेली. आणि डॉक्टर जिंकला. ते पन्नास हसरे चेहरे जिंकले. मला त्या पन्नास जणांची तोंडं दिसायला लागली, बनियनमधल्या पोटांसकट. मी टाइप केलं, 'चाकूला हात लागलेला नाही. तक्रार खोटी आहे. पंच.'

"वाच," भाऊजी म्हणाले.

मी त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एकतीस वर्षांच्या सवयीने मला ते पाठ झालेलं होतं. ते म्हणाले, "पाठव." मी पाठवलं. संध्याकाळी त्यांनी रद्दीच्या घड्या घालून चाकू बांधला, सुतळीची गाठ मारली आणि पत्ता लिहायला माझ्याकडे दिला. मी डॉक्टरचा पत्ता लिहिला.

आठ दिवस मी जे सुख भोगलं ते खरं होतं, ते मी नाकारत नाही. डॉक्टरने गटात लिहिलं, 'पंचांचा शब्द शेवटचा', आणि गप्प बसला. हसरे चेहरे टाकणाऱ्यांनी मास्तरीणबाईंची माफी मागितली. पंचांनी पास केलेला संग्रह म्हणून तिचे तीन चाकू भरपूर पैशांना गेले. तिने फोन करून मला आशीर्वाद दिले, म्हणाली, आता खोलीचं पक्कं करते. भाऊजींना मी वाचून दाखवताना मात्र वेगळंच वाचत होते. बाईंनी 'घासलेले' लिहून जाहिरात टाकली आहे, डॉक्टरचे पैसे परत गेले आहेत, असं आठ दिवस मनातलं रचून वाचत होते. आधी एक शिवी गाळायची, आता अख्खा गट गाळत होते.

नवव्या दिवशी डॉक्टरचा फोन थेट भाऊजींना आला. मी समोरच बसले होते. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं. एरवी गटात गटारासारखं वाहणारा तो माणूस फोनवर अगदी मऊ बोलत होता. "पंच, राग मानू नका. तुमच्या शब्दापुढे मी नाही. पण चाकू माझ्याकडे परत आलाय आणि खाचेत अजून पांढरं दिसतंय. तुम्ही बघितलंत ना?"

भाऊजी म्हणाले, "उद्या सांगतो," आणि फोन खाली ठेवला. माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे माझ्या कानाकडे कुठेतरी.

"धाकटे, काय लिहिलं होतंस?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पत्त्यासकट. मास्तरीणबाईंचा फोन आणि ते आठ दिवसांचं वाचनही सांगितलं. आणि सांगता सांगता मला रागच आला. मी म्हटलं, "तो माणूस हलकट आहे, भाऊजी. सगळेच हलकट आहेत. ती एकटी बाई आहे. तुम्ही त्यांना काय म्हणून जिंकू द्यायचं?"

"डॉक्टर हलकट आहे हे मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे," ते म्हणाले. "तक्रार खरी होती."

"कुणाला कळणार होतं?"

"जो नख घालेल त्याला. तिघांनी घेतलेत ना अजून? तिघांना कळणार." ते पुढे म्हणाले, "घासलेले म्हणून मी विकून दिले असते. कमी आले असते, पण आले असते. बाई भोळी आहे असं मी लिहायला सांगितलं होतं. आता ती चोर ठरणार. आणि तिचं ते पुसायला माझा शब्द उरलेला नाही."

हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या डोक्यात त्या पन्नास तोंडांशिवाय दुसरं काही नव्हतं. बाईच्या नावाने मी माझीच किळस भागवून घेतली होती.

"लिही," भाऊजी म्हणाले. "माझी नजर गेली आहे. दोन वर्षं झाली, मी हे लपवलं. मास्तरांच्या चाकूचा निकाल चुकीचा आहे, चाकू घासलेला आहे. बाईंचा दोष नाही. चूक माझी. यापुढे मी पंच नाही."

"भाऊजी, चूक माझी आहे. मी माझं नाव घालते."

"मी सांगतो ते लिही."

मी लिहिलं. या वेळी अक्षर न् अक्षर. लिहून झाल्यावर सवयीने वाचायला लागले, तर त्यांनी हात वर केला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा इकडे ये."

ताई हात पुसत आली. तिचं शिक्षण चौथीत सुटलं. वाचता येतं, पण एकेक अक्षर लावत, खाली बोट धरून. भाऊजींनी माझ्या हातातला मोबाइल मागून घेतला आणि तिच्या हातात दिला. "हिने काय लिहिलंय ते वाच." ताई वाचायला लागली. "मा-झी, न-जर..." एवढ्या पाच-सहा ओळींना तिला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. 'चूक माझी'पाशी तिने थांबून माझ्याकडे बघितलं. भाऊजींनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पाठव." पाठवायचं कुठे दाबून हे तिला माहीत नव्हतं. मी बोट दाखवलं आणि तिने दाबलं.

गटाने काय केलं ते लिहायचीसुद्धा मला शिसारी येते. दोन वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या विरुद्ध निकाल गेला होता ते सगळे जागे झाले. 'आंधळा पंच' हे नाव त्याच संध्याकाळी पडलं. ते सगळे निकाल खरे होते, हे मी सोडून कुणी सांगू शकलं नसतं, आणि माझ्या सांगण्याला आता काय किंमत! भाऊजींनी स्वतः मास्तरीणबाईंना फोन करून समजावलं. तिने दुसऱ्या दिवशी मला केला. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "मग माझ्यामुळे पंचांचं गेलं का हो?" तिघांनी चाकू परत पाठवले. शेवटी एकतीसच्या एकतीस दातांच्या डॉक्टरने रद्दीच्या भावाने उचलले आणि मखमलीवर मांडून फोटो टाकला. खोली झाली नाही.

भाऊजी माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, म्हणजे फारसं बोलत नाहीत. जेवताना मीठ मागतात, धाकटे म्हणतात. मनात धरून बसणारा माणूस नाही तो. परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडून नवे थेंब आणले. बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, किती थेंब आणि किती वेळा. ताई चष्मा शोधत घरभर फिरत होती. मी शेजारीच बसले होते, चष्मा डोळ्यांवर होता, म्हटलं, "द्या भाऊजी, मी वाचते."

त्यांनी खोकं मुठीत धरून ठेवलं. "असू दे," म्हणाले, "ती येईल आत्ता."